आप्पांची पेटी आणि धनीजोग हुंडी

"आपली वही आपल्या पेटीत, अन् पेटीची किल्ली आपल्या करगोट्याला!" जळगावात व्यापाऱ्यांच्या एका बैठकीत आप्पांनी हे वाक्य टाकलं आणि टाळ्या पडल्या. आप्पा आमच्या धंद्यातले ज्येष्ठ. फॉक्सप्रोच्या काळापासून आडत दुकानांना, दालमिलांना, जिनिंगवाल्यांना हिशोबाचे प्रोग्रॅम करून देत आलेत. त्यांचं नाव लिहीत नाही. खानदेशात दर चौथा ज्येष्ठ माणूस आप्पा असतो, तेव्हा ओळख पटायची भीती नाही.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. डेटाबेस क्लाउडवर ठेवणं हे पुण्या-मुंबईचं फॅड आहे, जळगाव-धुळ्याला ते झेपायचं नाही. इथे लाइट जाते, नेट जातं. क्लाउडवर हिशोब ठेवला की तो परक्याच्या ताब्यात. चोऱ्या होतात, प्रोग्रॅम रांगतो. पुरावा हवा असेल तर कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, ई-पीक पाहणी करताना त्याने 'सर्व्हर डाउन' किती वेळा ऐकलं.

मला त्या दिवशी उत्तर द्यायला मिळालं नाही. पंगत बसायची होती, आणि भरीत-पुरीपुढे क्लाउड कुठला टिकतो? म्हणून इथे लिहितो. आप्पांचे मुद्दे सगळे खोटे नाहीत, निम्मे खरेच आहेत. पण रोग मनगटाला असताना त्यांनी पट्टी गुडघ्याला बांधली आहे, आणि ती तिथेच बांधण्यात आम्हा प्रोग्रॅमवाल्यांची सोय आहे. माझा वाद त्या सोयीशी आहे.

आधी पेटीच उघडून पाहू. आपल्याकडे दुकानात ज्याला सर्व्हर म्हणतात तो बहुतेक वेळा जिन्याखाली, नाही तर गादीमागे ठेवलेला साधा संगणक असतो. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा त्याच्या पंख्यात तुरीचा भुसा नाही तर कपाशीचे तंतू घट्ट बसलेले असतात. यूपीएसची बॅटरी दोन दिवाळ्यांपूर्वीच गेलेली. लाइट गेली की संगणक धाडकन बंद, आणि आली की पडद्यावर 'टेबल करप्ट'. आप्पांना हे माझ्याहून जास्त ठाऊक आहे. त्यांच्या पोरांची निम्मी धावपळ ही टेबलं दुरुस्त करण्यातच जाते.

पाच-सहा वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगतो. एका आडत्याला घरी बसून दुकानाचा हिशोब पाहायचा होता. कोणीतरी त्याच्या राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचं दार, क्रमांक ३३८९, थेट इंटरनेटवर उघडून दिलं. पासवर्ड काय, तर दुकानाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. एका सोमवारी सकाळी मुनीमजींनी संगणक लावला तर एकही फाइल उघडेना, आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. बॅकअप होता. पेनड्राइव्हवर होता. तो पेनड्राइव्ह त्याच संगणकाला चोवीस तास टोचलेला होता, म्हणून तोही गेला. पुढचे तीन आठवडे मुनीमजी कागदी पट्ट्यांवरून उधारी पुन्हा उतरवत बसले होते. यात क्लाउड कुठे होता, आप्पा? वही आपल्याच पेटीत होती. किल्लीही करगोट्यालाच होती. फक्त पेटीला मागून दार काढलं होतं.

मी मूळचा धुळ्याचा. घरातल्या पेटीत कागद सुरक्षित राहतात हे धुळ्याच्या माणसाला सांगू नये. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच वारले आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. त्या माणसाने हयात कशात घालवली? लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं मिळवण्यात. 'आमच्या घरचे कागद आमच्याच घरात' असं म्हणणाऱ्या वाड्यांमध्ये ते कागद वाळवी खात होती, उंदीर खात होते, गळक्या कौलांचं पाणी खात होतं. जे तिथून निघाले, उतरवले गेले, छापले गेले, ते आज वाचता येतात. धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिर आहे. नानासाहेब देवांनी मठामठांतून जमवलेली रामदासी बाडं तिथे आहेत. बाडं मठाबाहेर गेली म्हणून समर्थ परके झाले नाहीत.

पण म्हणून मंडळात कोणीही शिरावं आणि हवा तो कागदांचा रुमाल काखोटीला मारून निघावं, असं चालत नाही. कोण आलं, काय मागितलं, काय दाखवायचं याची रीत असते. कागद कुठे ठेवले यापेक्षा त्यांच्यापर्यंत कोण आणि कसा पोचतो, हा खरा प्रश्न. आप्पांनी बैठकीत तासभर पहिल्या प्रश्नावर भाषण केलं. दुसऱ्याचा उच्चार केला नाही.

प्रोग्रॅम डेटाबेसला गाठतो तो एका ओळीच्या जोरावर. तिला आम्ही कनेक्शन स्ट्रिंग म्हणतो. त्या ओळीत असतं काय? यंत्राचा पत्ता, दाराचा क्रमांक (डेटाबेस पोस्टग्रेसचा असेल तर ५४३२, मायएसक्यूएलचा असेल तर ३३०६), खातेदाराचं नाव, पासवर्ड आणि डेटाबेसचं नाव. बस्स. ही ओळ ज्याच्या हातात, त्याच्यापुढे सगळा हिशोब उघडा. जळगावच्या दाणाबाजारात जुन्या पेढ्यांवर बसलेल्या कोणालाही हे दोन शब्दांत कळेल: ही धनीजोग हुंडी आहे. जो घेऊन येईल तो धनी, त्याला पैसे मोजायचे. वाटेत हरवली, दुसऱ्याला सापडली, तरी पैसे त्यालाच. म्हणून सावध व्यापारी शाहजोग हुंडी लिहीत. ती बाजारात पत असलेल्या शहाच्या हातूनच वटायची. आणणारा कोण हे पाहिल्याशिवाय पेढी रुपया सोडत नसे.

आमच्या धंद्यातले बहुतेक लोक अजून धनीजोग हुंड्या लिहितात आणि त्या वाऱ्यावर सोडून देतात.

कुठे कुठे सोडतात? व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. पोरगं काम सोडून पुण्याला गेलं तरी त्याच्या लॅपटॉपवर. गिटहबवर कोडसोबत. याला मोठ्या कंपन्याही अपवाद नाहीत. २०१६ मध्ये उबरच्या इंजिनिअरांनी ॲमेझॉनच्या क्लाउडच्या किल्ल्या आपल्या कोडमध्येच ठेवल्या होत्या. चोरांनी त्या गिटहबवरून उचलल्या आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती नेली. टोयोटाच्या एका कंत्राटदाराच्या हातून अशीच एक किल्ली सार्वजनिक कोडमध्ये गेली आणि डिसेंबर २०१७ पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत, जवळजवळ पाच वर्षं, तिथेच पडून राहिली. या दोन्ही ठिकाणी कुलूप कोणी तोडलं नाही. किल्ली रस्त्यावर सापडली.

जानेवारी २०१७ मधली मोंगोडीबी या डेटाबेसची गोष्ट तर याहून लाजिरवाणी. जगभर हजारो डेटाबेस पुसले गेले आणि जागेवर बिटकॉइन मागणारी चिठ्ठी ठेवली गेली. पासवर्ड फोडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण पासवर्ड ठेवलेलाच नव्हता. दार जगाला उघडं आणि आत जाणाऱ्याला कोणी विचारणारं नाही. आप्पा या बातमीकडे बोट दाखवून 'बघा, क्लाउडवर चोरी' म्हणतात. मी म्हणतो, एवढ्या दिलदारपणे दार उघडं ठेवलं असतं तर ही चोरी आमच्या देवपुरातल्या घरातही झाली असती.

सगळ्यात वाईट जागा मोबाइल ॲप. केळीच्या एका व्यापाऱ्यासाठी बनवलेलं ॲप माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. शेतकऱ्याने शेतातून कापणीची मागणी टाकायची, व्यापाऱ्याने भाव आणि ट्रक सांगायचा, अशी सोय. चांगली कल्पना. ॲपची फाइल म्हणजे शेवटी एक गाठोडंच. ते सोडायला दोन मिनिटं लागतात. सोडलं, तर आत ती ओळ जशीच्या तशी: पत्ता, नाव, पासवर्ड. आणि खातं कोणतं? सगळे अधिकार असलेलं. म्हणजे ज्या ज्या शेतकऱ्याने ॲप उतरवलं त्या प्रत्येकाच्या खिशात व्यापाऱ्याच्या अख्ख्या तिजोरीची हुंडी होती. भाव वाचायचा अधिकार हवा होता, आणि दिला होता वही जाळण्याचा.

ॲपने डेटाबेसशी थेट बोलूच नये. मधे एक गुमास्ता बसवावा, आमच्या भाषेत एपीआय. ॲप गुमास्त्याला विचारतं, 'माझ्या शेताची पट्टी दाखव'. गुमास्ता विचारणारा कोण ते पाहतो, आत जातो, तेवढीच पट्टी आणून देतो. हुंडी फक्त गुमास्त्याकडे, तीही बेताच्या अधिकारांची. फायरबेससारख्या काही सेवांत ॲप थेट बोलू शकतं, पण तिथे नियम लिहावे लागतात. शिकाऊ पोरं नियम न लिहिता 'टेस्ट मोड' लावून मोकळी होतात. त्यात महिनाभर कोणीही यावं, कोणीही लिहावं. एकतिसाव्या दिवशी ॲप बंद पडतं, मग फोन येतो, आणि पोरगं घाईत नियमच काढून टाकतं.

आता आप्पांचा एक मुद्दा मी मान खाली घालून मान्य करतो. ते म्हणाले, आपल्याकडे नेटचा पत्ता रोज बदलतो, मग दारावर पहारेकरी काय ओळखणार? खरं आहे. क्लाउडच्या डेटाबेसला बाहेर एक पहारा असतो: कोणत्या पत्त्यांवरून आलेल्यांना आत घ्यायचं याची यादी. पण जिओवर काय, इतर मोबाइल नेटवर काय, हजारो गिऱ्हाइकं मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात आणि तोही टिकत नाही. मालक यावलला, मुनीम जळगावात, मुलगा पुण्याला. सकाळी यादीत घातलेला पत्ता संध्याकाळी चालत नाही. मग वैतागून पोरगं यादीत लिहून टाकतं ०.०.०.०/०. या चार शून्यांचा आणि पाचव्याचा अर्थ: सगळं जग. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये एका टेबलावर मी हे आकडे कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेले पाहिले आहेत, तोडगा म्हणून.

पण यावर आप्पांचा उपाय काय? क्लाउडच नको. हे म्हणजे पांझरेला पूर येतो म्हणून धुळंच उठवा असं झालं. माणसांचे पत्ते यादीत घालायचेच कशाला? डेटाबेसशी बोलायचंय फक्त गुमास्त्याला, आणि गुमास्ताही त्याच क्लाउडमध्ये बसतो. तेव्हा डेटाबेसला बाहेरच्या रस्त्यावर दारच ठेवू नये. ज्याला आम्ही खासगी नेटवर्क म्हणतो त्या आतल्या बोळातून गुमास्त्याची ये-जा असावी. मालकाला कधी थेट पाहायचं असेल तर व्हीपीएनचा वेगळा रस्ता आहे. ही तासाभराची मेहनत आहे. ती टाळण्यासाठी आपण जगाला आमंत्रण देतो, आणि पाहुणे आले की क्लाउडला शिव्या.

एक बारीक गोष्ट, जी अनुभवी लोकही विसरतात. ओळ सुरक्षित असली तरी मधल्या वाटेवर मजकूर झाकलेला हवा. पोस्टग्रेसला जोडणाऱ्या साधनाची मूळची सवय अशी की जमलं तर झाकून बोलायचं, नाही जमलं तर उघड्यावर. तिला 'झाकलंच पाहिजे' असं सांगावं लागतं. आणि तेवढ्याने भागत नाही. समोरचा खरंच आपला डेटाबेस आहे की त्याच्या वेशातला कोणी, हे प्रमाणपत्रावरून तपासायचं असेल तर 'व्हेरिफाय-फुल' लिहावं लागतं. एकच शब्द. गेल्या वर्षभरात मी तपासलेल्या कामांत तो मला एकाच ठिकाणी दिसला.

'हळू चालतं.' या तक्रारीवर मी दात-ओठ खात नाही, कारण गुन्हेगार मीच होतो. रावेर भागातल्या एका केळीवाल्याच्या प्रोग्रॅमचा डेटाबेस मी दुकानातल्या संगणकावरून क्लाउडवर नेला. दिवसाच्या पट्ट्यांची यादी उघडायला आधी डोळ्याची पापणी लवायला लागे तेवढाच वेळ लागायचा, आता पूर्ण मिनिट. मालक म्हणाले, "भाऊ, चहा पिऊन येतो, तोवर उघडेल ना?" मी क्लाउडवाल्यांच्या नावाने बोटं मोडली. मग शांतपणे बसून मोजलं.

यादीत तीनशे पट्ट्या होत्या. माझा प्रोग्रॅम आधी पट्ट्या मागायचा आणि मग प्रत्येक पट्टीसाठी वेगळा फेरा मारून शेतकऱ्याचं नाव आणायचा. डेटाबेस त्याच खोलीत असताना तीनशे फेरे कोणाला जाणवतात? पण नोंदणी करताना जागा निवडायच्या चौकटीत जे नाव आधीच भरलेलं होतं ते मी तसंच सोडलं होतं: अमेरिकेतलं व्हर्जिनिया. तिथपर्यंत एक जाऊन-येऊन फेरा सेकंदाच्या पाचव्या हिश्शाहून कमी वेळात होत नाही. तीनशे फेरे म्हणजे साठ सेकंद. गणित अगदी बरोबर जुळलं, आणि चहाचा कपही.

प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात दोनशे. जळगाव ते मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर. तारा वाकड्या-तिकड्या जातात, मधे ठिकठिकाणी थांबे असतात, असं सगळं धरूनही मुंबईचा फेरा सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शाच्या आसपास बसतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत क्लाउड उघडलं, ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत, गूगलने २०१७ मध्ये. आणखी जवळ हवं तर नाशकात ईएसडीएस या कंपनीचं डेटा सेंटर आहे. धुळ्याहून सकाळी निघालेला माणूस जेवायला परत येईल. मी गुमास्ता आणि डेटाबेस दोन्ही मुंबईत नेले, आणि तीनशे फेऱ्यांऐवजी पट्टी आणि नाव एकाच मागणीत जोडून आणलं. मालकांचा चहा बंद झाला. याचं श्रेय क्लाउडला नाही आणि आधीचा दोषही त्याचा नव्हता.

'सर्व्हर डाउन'चंही असंच एक रहस्य आहे. पोस्टग्रेस एका वेळी मुळात शंभरच जोडण्या घेतं, मायएसक्यूएल १५१. आकडा वाढवता येतो, पण प्रत्येक जोडणीला मेमरी लागते. आमची पोरं प्रत्येक क्लिकला नवी जोडणी उघडतात आणि बंद करायला विसरतात. सकाळी लिलाव सुरू झाला, वीस आडत दुकानांनी एकदम प्रोग्रॅम लावला, की दहा मिनिटांत शंभर जागा भरतात आणि एकशे एकावा बाहेर. यंत्र निवांत असतं. रिकाम्या गाड्यांनी जिनिंगच्या दारात रांग अडवावी तसा प्रकार. मोजक्या जोडण्या उघड्या ठेवून आळीपाळीने वापरायच्या, याला पूल म्हणतात. ही सोय जवळजवळ प्रत्येक भाषेत तयार मिळते.

आता आप्पांचा हुकमाचा पत्ता: ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभं राहून पिकाची नोंद करायची आणि फोटो जोडायचा. चोपडा-शिरपूरपासून चाळीसगावपर्यंत लोक वैतागले, हे मी नाकारत नाही. माझ्या मामांनी कपाशीच्या फोटोसाठी तीन दिवस बांधावर चकरा मारल्या आहेत. पण वैताग कधी वाढतो? मुदत संपत आली की. लाखो लोक शेवटच्या दिवसांत एकदम दारावर येतात. ही सगळी नोंद तहसील कचेरीतल्या पेटीत ठेवली असती तर दार रुंद झालं असतं का? उलट क्लाउडवरचं दार गर्दीपुरतं रुंद करता येतं. करणाऱ्याने आधी अंदाज बांधायला हवा, एवढंच. शिवाय शेताच्या सरकारी नोंदींची दुसरी बाजू आप्पा सांगत नाहीत. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो. आप्पांच्या पारोळ्याच्या शेताचा उतारा त्यांनी गेल्या वर्षी बँकेसाठी काढला तो तलाठ्याच्या पेटीतून नव्हे. तो त्यांनी मोबाइलवर काढला, आणि मलाच दाखवला.

नेट जातं, हे मात्र शंभर टक्के खरं. सातपुड्याच्या पायथ्याला तर ते आलेलं असतं तेव्हाच बातमी. म्हणून प्रोग्रॅम लिहितानाच धरून चालायचं की तार मधेच तुटणार. नोंद आधी हातातल्या यंत्रात उतरवायची, आणि रेंज आली की वर पाठवायची. हे कठीण नाही, पण यात एक खड्डा आहे आणि त्यात मी लोकांना पडताना पाहिलंय. मुनीमाने पट्टी पाठवली, ती डेटाबेसात पोचली, पण 'पोचली' हा निरोप येताना नेट गेलं. मुनीमाला वाटलं गेली नाही. त्याने पुन्हा बटण दाबलं. झाल्या दोन पट्ट्या, आणि शेतकऱ्याला दोनदा पैसे. यावर उपाय दुकानदारीत फार जुना आहे: पावतीला नंबर. पट्टी फोनवर तयार होतानाच तिला असा क्रमांक द्यायचा की जगात दुसरा नसेल, आणि डेटाबेसाला सांगायचं, हा क्रमांक आधी आला असेल तर दुसऱ्यांदा लिहू नकोस. मग मुनीमाने दहा वेळा बटण दाबलं तरी पट्टी एकच. दुकानातल्या पेटीची सवय लागलेले प्रोग्रॅमर हा क्रमांक डेटाबेसाकडून मागतात आणि तिथेच फसतात.

क्लाउडवाल्यांचीही मी आरती ओवाळत नाही. २० ऑक्टोबर २०२५, नरकचतुर्दशी. आपल्याकडे दुपारी सव्वाबाराच्या सुमारास ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या यंत्रणेत डायनॅमोडीबी या डेटाबेसचा पत्ताच हरवला. डेटाबेस जागेवर, डेटा जागेवर. पण नावावरून पत्ता सांगणाऱ्या नोंदवहीत त्या नावापुढची जागा कोरी झाली, कारण ती भरणाऱ्या दोन स्वयंचलित प्रोग्रॅमांनी एकमेकांचं काम पुसलं. जगभरातल्या सेवा तासन्‌तास आडव्या. इतक्या मोठ्या घरातही शेवटी रडगाणं तेच: जोडायचं कुठे, हेच कळेना. आणि २०१४ मध्ये कोड स्पेसेस ही कंपनी तर कायमची गेली. चोराच्या हाती क्लाउडच्या मुख्य खात्याचा ताबा आला, त्याने डेटा पुसला, बॅकअपही पुसले, कारण दोन्ही एकाच खात्याखाली होते. आमच्या आडत्याच्या पेनड्राइव्हचीच मोठी आवृत्ती. म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो की आठवड्याला एक प्रत आपल्याकडे, वेगळ्या ठिकाणी, उतरवून घ्या, आणि ती उघडते का ते पाहा. गिटलॅबसारख्या कंपनीने ३१ जानेवारी २०१७ ला चुकून चालू डेटाबेस पुसला तेव्हा त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, आणि एकही धड चालली नाही. म्हणजे पेटी हवीच, आप्पा. पण प्रत ठेवायला.

खर्चाचं बोलणं राहिलं. महिन्याचं बिल येतं आणि ते डोळ्यात खुपतं. दुकानातल्या संगणकाचं बिल येत नाही. मुनीमजींचे ते तीन आठवडे कोणत्या खात्यावर टाकायचे, एवढंच मी विचारतो.

'डेटा परक्याच्या ताब्यात' या वाक्यात जी भीती आहे तिला कायद्यानेच उत्तर दिलंय, आणि ते आप्पांना आवडणार नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. शेतकऱ्याचा आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल जो गोळा करतो आणि कशासाठी वापरायचा ते ठरवतो, जबाबदारी त्याची. म्हणजे आडत्याची, केळी व्यापाऱ्याची, मिलवाल्याची. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची मर्यादा अडीचशे कोटी रुपये. डेटाबेस मुंबईत आहे की जिन्याखाली, याने सुटका होत नाही. दोन्हीकडे पहिला प्रश्न तोच येणार: आत जायची वाट कोणाकोणाला माहीत होती?

बैठकीनंतर महिनाभराने धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या एका दुकानदाराने मला बोलावलं. त्याच्याकडे आप्पांचा प्रोग्रॅम. पेटीतला, सनातनी, क्लाउडचा वाराही न लागलेला. त्याला तो नव्या संगणकावर हलवायचा होता. "मना हिशोब कोठे शे, तेच कळत नही," असं तो म्हणाला. मी फोल्डर उघडलं. त्यात सेटिंगची एक साधी फाइल होती आणि फाइलमध्ये ती ओळ, नोटपॅडमध्ये वाचता येईल अशी: सगळे अधिकार असलेलं खातं आणि सहा अक्षरांचा पासवर्ड. तो पासवर्ड मी आधी कुठेतरी पाहिला होता. पारोळ्याच्या एका मिलमध्ये, आणि त्याआधी अमळनेरला. तिन्ही ठिकाणी तोच. फाइलची तारीख २०१४ ची होती.

मी आप्पांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, तो बदलला तर सगळीकडे पोरं पाठवावी लागतील." मग थोडं थांबून म्हणाले, "तू लिहिणार आहेस का हे?"